गाडी पुढून उचलायची तर कशी: टॉर्शन बार, कॉईल आणि पाटे, तिन्हीचा खरा हिशोब

पावसाळा संपला की आमच्या आंब्याच्या कलमांच्या बागेकडे जाणाऱ्या रस्त्याची जी अवस्था होते ती देवगड-राजापूर पट्ट्यातल्या कोणाला वेगळी सांगायला नको. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) गाड्यांनी दोन्ही चाकोऱ्या खोल गेलेल्या, मधे माती आणि जांभ्याच्या तुकड्यांचा उंचवटा, आणि त्यावरून गाडी काढली की खालून जो खर्रर्र आवाज येतो तो काळजाला लागतो. मग प्रत्येकाच्या डोक्यात एकच येतं, गाडी पुढून दोन इंच वर घेऊया. कोणी सांगतो बोल्ट आवळ, कोणी सांगतो स्पेसर (मधे घालायचा ठोकळा) टाक, कोणी सांगतो पाटा वाढव. तिघंही आपापल्या गाडीपुरते बरोबर असतात, पण एकाच्या गाडीचा उपाय दुसऱ्याच्या गाडीला लावला की पैसे जातात आणि गाडीची वाट लागते.

आमच्या घरात आणि वाडीत मिळून तिन्ही प्रकार आहेत म्हणून हे लिहायला घेतलं. माझी जुनी सीआरडीई थार, पुढे टॉर्शन बार, म्हणजे पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा. चुलतभावाची इसुझू व्ही-क्रॉस, पुढे कॉईल म्हणजे गुंडाळलेली स्प्रिंग. आणि सीझनला आमच्या पेट्या वाहणाऱ्या अण्णांची पिकअप, पुढेमागे दोन्हीकडे पाटे. तिन्ही गाड्या पुढून उचलून झाल्या, त्यातली एक चुकीची उचलली गेली आणि परत खाली आणावी लागली, तेही खाली सांगतो.

उंची येते कुठून

चाकाला वर-खाली जायला मिळून एक ठरलेली जागा असते. समजा उभ्या गाडीत चाक वर जायला साडेतीन इंच आणि खाली लोंबायला साडेतीन इंच, असे सात. आता तुम्ही गाडी दोन इंच उचलली म्हणजे वरची जागा झाली साडेपाच आणि खालची राहिली दीड. एकूण सातचे सातच. म्हणजे तुम्ही उंची विकत घेतली नाही, चाकाची खाली जायची जागा कापून ती वर लावली. आणि आपल्या रस्त्यांना ही खाली जायची जागाच जास्त लागते, कारण खड्डा आला की चाक पटकन खाली जाऊन जमिनीला धरून राहायला हवं, तिथे ते दीड इंचात संपलं की चाकाला चेसिसशी जोडणारा आर्म रबरी स्टॉपवर आपटतो आणि पुढून ठक्क असा आवाज येतो. बरेच जण म्हणतात लिफ्ट केल्यावर सस्पेन्शन कडक झालं, पुष्कळदा ते कडक झालेलं नसतं, चाक खालच्या टोकाला जाऊन आपटत असतं.

दुसरी गोष्ट, उचलल्यावर नक्की काय वर जातं ते बघा. ज्या गाडीला पुढे सलग एक्सल म्हणजे हौसिंग आहे तिचं चेसिस वर जातं पण डिफ्रेन्शियलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा) गोळा होता तिथेच राहतो, कारण तो चाकाच्या मधोमध बांधलेला आहे. त्याला वर घ्यायला मोठा टायर हाच एक उपाय, आणि टायरचा व्यास दोन इंच वाढला तर गोळा एक इंच वर जातो, पुरे दोन नाही. ज्या गाडीची पुढची चाकं स्वतंत्र आहेत तिचा फोर बाय फोरचा पुढचा डिफ्रेन्शियल चेसिसला लटकलेला असतो, तो मात्र लिफ्टबरोबर वर जातो, पण मग त्यातून चाकाकडे जाणारे सीव्ही शाफ्ट तिरके होतात. म्हणजे एकीकडे सुटलं की दुसरीकडे अडकतं, हे धरूनच चालायचं.

आधी गाडीखाली झोपा

टॉर्च घ्या, पोतं पसरा आणि पुढच्या चाकामागे बघा. चेसिसला समांतर एक लांब गोल दांडा आर्मपासून मागे गिअरबॉक्सखालच्या आडव्या क्रॉसमेंबरपर्यंत गेला असेल आणि त्याच्या मागच्या टोकाला एक जाड बोल्ट खालून वर घुसलेला दिसत असेल तर तो टॉर्शन बार. जुनी थार सीआरडीई, जुनी टाटा सफारी या त्यातल्या. दोन आर्मच्या मधे शॉकअप आणि त्याच्याभोवती गुंडाळलेली स्प्रिंग दिसली तर कॉईल, व्ही-क्रॉस आणि हायलक्स अशा आहेत. आणि सरळ कमानपाटे, त्यावर यू-बोल्टने बांधलेलं हौसिंग, तर ती एमएम ५४०, जिप्सी आणि माल वाहणाऱ्या बऱ्याच पिकअपची जात. नावावर जाऊ नका, एकाच नावाच्या गाडीत फोर बाय टू आणि फोर बाय फोरला वेगळं सस्पेन्शन असू शकतं, वर्षागणिक बदललेलंही असू शकतं. डोळ्याने बघितलेलं खरं.

खाली झोपलाच आहात तर बुश, बॉल जॉईंट (आर्म आणि चाकामधला फिरता सांधा) आणि पाट्यांच्या पिना पण बघून घ्या. रबर चिरलंय का, बॉल जॉईंटचं कव्हर फाटलंय का. जुना ढिला बॉल जॉईंट लिफ्टनंतर जास्त तिरक्या कोनात काम करतो आणि मग लवकर जातो, त्यामुळे तो आधी बदलायचा आणि नंतर उंचीचं बोलायचं.

मोजल्याशिवाय पाना हातात घेऊ नका

गाडी सपाट जागेवर उभी करायची. आमच्याकडे अंगण शेणाने सारवलेलं आणि थोडं उताराचं, म्हणून मी शाळेसमोरच्या काँक्रीटवर नेतो. चारी टायरची हवा नेहमीइतकी, टाकी अर्धी, आत नेहमीचं सामान. जॅक लावून उतरवलेली गाडी लगेच मोजायची नाही, ती उंच बसलेली असते, आधी दहा-पंधरा फूट पुढे-मागे करायची म्हणजे सस्पेन्शन आपल्या जागेवर येतं. मग चाकाच्या बरोब्बर मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजायचं, चारी चाकांचं. जमिनीपासून मोजलं तर टायरची झीज आणि हवा त्यात मिसळते, म्हणून चाकाच्या मध्यापासून.

हे आकडे लिहून ठेवा. बऱ्याच वेळा इथेच कळतं की गाडीला लिफ्ट नको, स्प्रिंग दमलीय. अण्णांच्या पिकअपची डावी बाजू उजवीपेक्षा पाऊण इंच खाली होती, बघितलं तर पाट्यांच्या संचातला एक पाटा तुटून बाजूला सरकलेला. तो बदलला आणि अर्धं दुखणं तिथेच गेलं. कॉईलही वर्षानुवर्षांच्या वजनाने खाली बसते. बसलेल्या स्प्रिंगवर स्पेसर चढवणं म्हणजे वाळवी लागलेल्या वाशावर नवी कौलं घालणं.

आणि एक, पिकअप रिकामी असताना मागून उंच दिसते ती मुद्दाम तशी केलेली असते. मागे पेट्या भरल्या की मागचं खाली बसतं आणि गाडी सरळ होते. तुम्ही पुढचं मागच्याच्या बरोबरीला आणून ठेवलंत तर भरलेली गाडी वाशीच्या बाजाराला निघताना नाक वर करून जाणार, हेडलाईट समोरच्याच्या डोळ्यात आणि पुढच्या चाकांवरचा भार कमी. ज्याची गाडी सीझनला रोज भरून जाते त्याने पुढे पाऊण-एक इंचाच्या वर जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

टॉर्शन बार: खर्च कमी, मोह जास्त

यात नवीन काही विकत घ्यावं लागत नाही. मागचा बोल्ट आवळला की बारचं टोक फिरतं आणि आर्म खाली ढकलला जाऊन गाडी वर येते. लोकांचा समज असा की बोल्ट आवळल्याने बार कडक होतो. तसं नाही, बारची ताकद त्याच्या जाडीवर आणि लांबीवर असते, बोल्टने फक्त त्याची सुरुवातीची जागा बदलते. राईड कडक लागते कारण चाकाची खालची जागा संपते आणि आर्म जास्त तिरका होतो. म्हणून बोल्ट आवळून बार मजबूत केला आणि आता जास्त माल चालेल असं धरून चालणं धोक्याचं आहे.

मी माझ्या थारला केलं ते असं.

आदल्या दिवशी दोन्ही बोल्ट तारेच्या ब्रशने स्वच्छ केले. आमच्याकडे खारी हवा, त्यात गाडी बंदरावर उभी राहिलेली, त्यामुळे चुडीचा (बोल्टच्या आट्यांचा) बाहेर आलेला भाग तांबड्या पापुद्र्याने भरलेला होता, ब्रश मारला की पापुद्रे गळून खाली पडत होते आणि आत खड्डे दिसत होते. मी लगेच पाना लावणार तर आमच्या मेस्त्रीकाकांनी हात धरला. म्हणाले, "अरे, जोर करू नको. तेल सोड नि उद्या बघ. तुटलो तर रडत बसशीत." मग गंज सोडवायचं तेल मारून रात्रभर ठेवलं, सकाळी परत मारलं. हा सल्ला कोकणातल्या प्रत्येकाला लागू आहे. गंजलेला बोल्ट अर्ध्यात तुटला की त्याचं काम आठवडाभर चालतं.

दुसऱ्या दिवशी बोल्टचा बाहेर आलेला भाग मोजून लिहिला, डावा आणि उजवा वेगळा. दोन्ही सारखे नव्हते आणि सारखे असायचेही नसतात, ड्रायव्हरच्या बाजूला वजन जास्त असतं. मग बोल्टच्या डोक्यावर आणि शेजारी पत्र्यावर पांढऱ्या रंगाची एक रेघ मारली म्हणजे किती फिरवला ते डोळ्याला दिसतं.

मागच्या चाकांना पुढून-मागून चिरा लावला, हँडब्रेक ओढला, जॅक चेसिसखाली लावून पुढचं उचललं आणि दोन्ही बाजूंना चेसिसखाली घोड्या (लोखंडी स्टँड) दिल्या. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जायचं नाही, आणि घोडीऐवजी चिरा तर अजिबात लावायचा नाही, जांभा दाबाखाली सरळ फुटतो. चाकं लोंबती राहिली की बारवरचा ताण उतरतो आणि बोल्ट हलका फिरतो. भार असताना फिरवला तर चुडी उपसते.

दोन्ही बाजूंना दोन-दोन फेरे आवळले. गाडी खाली घेतली, गल्लीत एक चक्कर मारून आणली, परत मोजली. मग परत उचलून एक-एक. ध्येय फेरे सारखे करायचं नाही, उंची सारखी करायची. माझी डावीकडे साडेतीन फेऱ्यांत आली आणि उजवीकडे चारला. एकूण सव्वा इंच वर घेतली आणि थांबलो.

थांबलो का, तर प्रत्येक वेळी एक तपासणी करत होतो. गाडी उभी असताना वरचा आर्म आणि त्याच्या खालच्या रबरी स्टॉपमधलं अंतर बघायचं, आणि गाडी उचलल्यावर चाक किती खाली जातं ते मोजायचं. ही खालची जागा दोन इंचाच्या आत आली की मी पुढे जात नाही. आर्म रबराला टेकायला आलेला असेल तर परत ढिला करायचा, मग उंची मनासारखी नसली तरी चालेल.

काही जण बार पूर्ण काढून त्याचे दाते एक घर पुढे फिरवून बसवतात, कारण बोल्ट संपलेला असतो. जुन्या दमलेल्या बारला मूळ उंचीवर आणायला हे ठीक आहे, पण नुसती जास्त उंची काढायला करू नका. आणि बार काढलात तर डावा-उजवा आणि पुढचं-मागचं टोक खूण करून ठेवा. वर्षानुवर्षं एका दिशेने पिळलेला बार उलट्या बाजूला बसवला की तुटायची शक्यता वाढते.

कॉईल: इथे चुका महाग पडतात

कॉईलमधे तीन रस्ते आहेत आणि दुकानदार तिन्हीला लिफ्ट किट म्हणतो, म्हणून विचारून घ्या.

पहिला, शॉकअपच्या डोक्यावर म्हणजे वरच्या टोपीवर बसणारा स्पेसर. यात स्प्रिंगला हात लागत नाही, सगळा संच खाली ढकलला जातो. शॉकअप खालच्या आर्मला मधेच कुठेतरी पकडलेला असतो आणि चाक त्याच्याही बाहेर असतं, त्यामुळे एक इंचाचा स्पेसर चाकापाशी दीड ते दोन इंच उचल देतो, गाडीनुसार. हे न कळल्याने लोक दोन इंच हवे म्हणून दोन इंची स्पेसर मागवतात आणि गाडी साडेतीन इंच वर जाते. चाक खाली लोंबताना मूळपेक्षा जास्त खाली जातं, बॉल जॉईंट आणि सीव्ही शाफ्ट त्यांच्या मर्यादेपलीकडे ओढले जातात. आणि जोरात आपटलं की चेसिसचा रबरी स्टॉप लागायच्या आधी शॉकअपच आतून तळाला बसतो, तो फुटतो.

दुसरा, स्प्रिंगच्या वर पण टोपीच्या आत बसणारा स्पेसर. याने स्प्रिंग आधीच जास्त दाबून बसवली जाते. शॉकअपची लांबी मूळचीच राहते त्यामुळे शाफ्ट जास्त ओढला जात नाही, पण खालची जागा कमी होते आणि ठक्क ठक्क सुरू होतं. हा बसवायला स्प्रिंग कंप्रेसर लागतो. दाबलेली कॉईल सुटली तर माणसाचा जबडा फोडते, त्यामुळे हे काम घरी दोरी-साखळीने करायच्या भानगडीत पडू नका, हे मी मनापासून सांगतोय.

तिसरा, नवीन स्प्रिंग आणि त्याला जुळणारे लांब शॉकअप. महाग आहे, पण हा एकच मार्ग असा की खाली जायची जागा बऱ्यापैकी परत मिळते. स्प्रिंग निवडताना पुढे किती वजन कायमचं आहे ते सांगायचं. लोखंडी बंपर आणि विंच असलेल्या गाडीची स्प्रिंग मोकळ्या गाडीला घातली तर ती ठरवल्यापेक्षा उंच बसते आणि बागेच्या रस्त्यावर कंबर मोडते.

चुलतभावाच्या व्ही-क्रॉसची गोष्ट यातली आहे. शहरातल्या एका वर्कशॉपने डोक्यावरचे जाड स्पेसर टाकून दिले, अलाइनमेंट पण केली नाही. गाडी घरी आली तेव्हा मी टेप लावला तर मूळपेक्षा सव्वातीन इंच वर. भाऊ खूश होता, दिसायला खरंच दणदणीत दिसत होती. लावणीच्या दिवसांत एकदा व्हाळ ओलांडून आला आणि दोन दिवसांनी घाटात स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की पुढून टक टक टक. चाक काढून बघितलं तर सीव्हीचा रबरी बूट त्याच्या वळ्यांमधे चिरलेला, रिमच्या आतल्या बाजूला गोल काळी ग्रीसची रेघ उडालेली आणि बुटाच्या आत ग्रीस आणि तांबडी माती मिळून पेस्ट झालेली. शाफ्ट जास्त तिरका असल्याने बुटाच्या वळ्या एकमेकांवर घासत होत्या, तिथूनच तो फाटला. जॉईंट बदलावा लागला. मग पातळ स्पेसर टाकून एकूण पावणेदोन इंचावर आणली, आता बूट तसेच आहेत.

म्हणून स्वतंत्र सस्पेन्शनच्या फोर बाय फोरला दोन इंच ही माझी लक्ष्मणरेषा. त्याच्यावर जायचं तर वरचे आर्म वेगळे लागतात, काही जण डिफ्रेन्शियल खाली उतरवायचे स्पेसर लावतात म्हणजे शाफ्टचा कोन सुधारतो, पण मग ज्या गोळ्याला दगड लागू नये म्हणून उचललं तोच परत खाली आला की.

पाटे: आपल्याकडचा जुना आणि भरवशाचा धंदा

कमानपाट्याचं दुकान हायवेला गावोगाव सापडतं आणि तिथल्या माणसाला ट्रकची नस माहीत असते. इथे चार पर्याय येतात.

एक पाटा वाढवणे. उंची येते, भार पेलायची ताकद वाढते, पण रिकामी गाडी उड्या मारते. पुढच्या बाजूला फार जाड पाटा घालू नका, पातळ आणि लांब पाटा बरा.

पाट्यांना परत कमान मारून घेणे. जुने बसलेले पाटे मूळ आकाराला आणायला हे उत्तम, पण बघून करून घ्या. गार पाट्यावर हातोड्याने किंवा प्रेसने कमान मारणारा कारागीर चांगला. गॅसने लाल करून वाकवला आणि तसाच गार होऊ दिला की त्या जागचं पाणी (पोलादाचा कडकपणा) उतरतं, मग पाटा काही महिन्यांत परत बसतो नाहीतर तिथेच तुटतो. दुकानात उभं राहून बघायचं, लाज वाटून घ्यायची नाही.

लांब शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चेसिसला लटकवणारी पट्टी. दोन इंच लांब शॅकल लावली तर गाडी एकच इंच वर येते, कारण पाट्याचं एकच टोक उतरतं. त्याचबरोबर एक्सल फिरतो आणि कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल, बदलतो. ज्या गाडीत पुढच्या पाट्याची शॅकल पुढच्या टोकाला आहे तिथे लांब शॅकलने कॅस्टर कमी होतो, मग स्टिअरिंग वळणानंतर आपोआप सरळ येत नाही आणि सरळ रस्त्यावर गाडी भरकटते. हायवेला ऐंशीच्या स्पीडने हे भयंकर आहे. अर्ध्या-पाऊण इंचापेक्षा जास्त फरक पडणारी शॅकल पुढे लावायची असेल तर एक्सलखाली पाचरी लावून कॅस्टर परत आणावा लागतो.

चौथा ब्लॉक, म्हणजे पाटा आणि हौसिंगच्या मधे लोखंडी ठोकळा. पुढे हा कधीही लावू नका. मागे लावलेला पुष्कळ गाड्यांत दिसतो म्हणून लोक पुढे पण लावतात. ब्रेक मारला की सगळा जोर पुढच्या एक्सलवर येतो, एक्सल फिरायला बघतो आणि ठोकळ्यामुळे त्याला जास्त लांब तरफ मिळते. ठोकळा सरकला की स्टिअरिंगचं चाक भलत्याच दिशेला. फोंडा घाट उतरताना हे झालं तर पुढे सांगायला कोणी राहणार नाही.

पाट्याचं कुठलंही काम झालं की यू-बोल्ट नवीनच टाका. एकदा ताणून आवळलेला यू-बोल्ट परत तसा पकडत नाही, आणि आपल्याकडे तर त्याची चुडी गंजलेलीच असते. गाडीचं वजन चाकांवर असताना चारी नट आडव्या-तिडव्या क्रमाने थोडे थोडे आवळायचे. शॅकलच्या आणि बुशच्या पिना पण गाडी जमिनीवर असतानाच शेवटच्या आवळायच्या, हवेत आवळल्या तर रबरी बुश पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. कॉईलवाल्या गाडीच्या आर्मच्या बुशांनाही हाच नियम.

बाकीचे उपाय थोडक्यात

बॉडी लिफ्ट म्हणजे चेसिस आणि बॉडीच्या मधे ठोकळे. सस्पेन्शनला काही होत नाही, मोठ्या टायरला जागा होते, पण चेसिस, क्रॉसमेंबर, सायलेन्सर जिथल्या तिथे. आपलं खरडणारं तर तेच असतं, त्यामुळे उपयोग नाही. चार-सहा इंचांचे ब्रॅकेट किट शोच्या गाड्यांना. एक आकार वाढवलेला, कंपनीने त्या गाडीला चालतो म्हणून सांगितलेला टायर मात्र बऱ्याच जणांना पुरतो. आणि खाली चांगल्या जाडीची पत्र्याची स्किड प्लेट, ती तर लिफ्टच्या आधी लावा. दगड लागला तरी गाडी घरी येते.

पाण्याबद्दल पण सांगतो कारण पावसाळ्यात हाच प्रश्न येतो. दोन इंच लिफ्टने गाडी जास्त पाण्यातून जात नाही. इंजिन हवा कुठून ओढतं ती जागा आणि डिफ्रेन्शियल-गिअरबॉक्सचे ब्रीदर (आतली हवा ये-जा करायची तोंडं) कुठे उघडतात यावर ते ठरतं. ब्रीदरच्या नळ्या लांब करून वर बांधा, ते काम स्वस्त आहे. २०२१ च्या जुलैत चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा उंच-ठेंगण्या सगळ्याच गाड्या बुडाल्या होत्या. साकवावरून पाणी वाहत असेल तर थांबायचं.

उचलल्यावर त्याच दिवशी

स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून ब्रेकचा रबरी पाईप ताणतो का बघा, चाक लोंबत असताना आणि गाडी जमिनीवर असताना, दोन्ही वेळा. पाईप ताठ झाला तर गाडी रस्त्यावर आणू नका. अँटी रोल बारच्या लिंक, एबीएसची वायर, टायर मडगार्डला घासतो का, सगळं. सलग एक्सलच्या गाडीत स्टिअरिंगचा दांडा आधीपेक्षा तिरका झाला असेल तर खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप झटका मारेल, तेही हळू चालवून बघा.

मग अलाइनमेंट. कितीही कमी उचलली तरी. स्वतंत्र सस्पेन्शनमधे आर्म खाली उतरले की टो (चाकांची पुढून आत-बाहेर दिशा) आणि कॅम्बर (चाकाचा वरून आत-बाहेर कल) दोन्ही बदलतात, टो चुकला तर टायरवर हात फिरवला की एका दिशेने करवतीसारखं लागतं आणि नवीन टायर एका सीझनमधे जातात. अलाइनमेंटवाल्याकडून आधीचा आणि नंतरचा छापील कागद मागून घ्या, कॅस्टरचा आकडाही त्यात बघा. गाडी भिंतीसमोर उभी करून हेडलाईट खाली घ्या. आणि मागेही काही वर घेतलं असेल तर मागच्या एक्सलला भारानुसार ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह आहे का ते बघा, बऱ्याच पिकअपना असतो. मागचं उंच झालं की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे आणि तो मागचा ब्रेक कमी करतो, मग भरलेली गाडी लांब जाऊन थांबते. त्याचा दांडा नव्या उंचीला जुळवून घ्यावा लागतो.

पहिले दहा-बारा दिवस घाटात वळणावर स्पीड कमी ठेवा. गुरुत्वमध्य वर गेलेला असतो आणि मागे पेट्यांची चळत असली तर गाडी आधीपेक्षा जास्त झुकते, करूळ किंवा आंबा घाटाच्या वळणांवर ते लगेच जाणवतं.

कायद्याचं

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकात कंपनीने दिलेल्या नोंदीपेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ मधे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. टॉर्शन बारचा बोल्ट हा कंपनीनेच उंची जुळवायला दिलेला आहे, मूळ उंचीची नवी स्प्रिंग ही दुरुस्ती आहे. जाड स्पेसर, ब्रॅकेट, बॉडी लिफ्ट हे मात्र बदलात मोडतं. अपघात झाला तर इन्शुरन्सवाले आधी हेच बघतात. ज्यांची गाडी पिवळ्या पाटीची आहे आणि पासिंगला जाते त्यांनी काम करायच्या आधी आरटीओत विचारून यावं.

नंतरची निगा

पाचशे किलोमीटर झाले की सगळे यू-बोल्ट आणि स्पेसरचे नट परत आवळा, पाटे आणि स्पेसर एकमेकांत बसले की नट सैल पडतात. उंची परत मोजा. माझी थार पहिल्या महिन्यात पाव इंच खाली बसली होती, अर्धा फेरा आवळून जागेवर आणली. आता दर दोन महिन्यांनी मोजतो. मासळीची गाडी असेल, मागून बर्फाचं खारट पाणी गळत असेल तर महिन्यातून दोनदा गोड्या पाण्याने खालून धुवायची, वाळली की टॉर्शन बारच्या बोल्टवर, शॅकलवर आणि यू-बोल्टच्या चुडीवर ग्रीसचा जाड थर द्यायचा. टॉर्शन बारवर मात्र ओरखडा पडू देऊ नका, ग्राइंडर किंवा वेल्डिंगची ठिणगी तर नकोच, तिथून गंज आत शिरतो आणि बार तिथेच तुटतो. रंग उडाला असेल तर घासून प्राइमर आणि रंग.

मेस्त्रीकाकांनी माझ्या गाडीच्या ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवून दिलाय. त्यावर चारी चाकांची मूळ उंची, आत्ताची उंची, दोन्ही बोल्ट किती बाहेर आहेत ते आणि तारीख. गाडी कुठल्याही मेस्त्रीकडे गेली तरी तो कागद आधी दाखवतो, मग खालचं काम.